ग्राफिक्स कार्ड घेण्याआधी कॅबिनेट उघडा

सात-आठ वर्षांपूर्वी घेतलेला डेस्कटॉप अजून ठणठणीत चालतो. बँकेची कामं होतात, मुलांचे शाळेचे प्रकल्प होतात. पण नवा गेम टाकला की चित्र अडखळतं, व्हिडिओ एडिट करायला घेतला की मशीनला धाप लागते. मग दुकानदाराला किंवा ओळखीतल्या एखाद्या जाणकार मुलाला विचारलं जातं, "एवढ्या एवढ्या पैशांत कोणतं ग्राफिक्स कार्ड घेऊ?" एक नाव मिळतं, कार्ड घरी येतं. मग कळतं की ते कॅबिनेटमध्ये मावतच नाही, किंवा त्याला लागणारा कनेक्टर एसएमपीएसला, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याला, नाही. कधी मावतं, जोडलंही जातं, पण गेम पहिल्यासारखाच अडखळतो.

या सगळ्या व्यवहारात कार्डाची निवड सर्वांत शेवटी यायला हवी. आधी एसएमपीएस, मग जागा, मग मदरबोर्ड, मग प्रोसेसर. हे चौघं जेवढी मुभा देतील तेवढ्यातूनच कार्ड निवडायचं. स्क्रू-ड्रायव्हर, टॉर्च आणि मोजपट्टी घेऊन बसलात तर अर्ध्या तासात सगळी माहिती हाती येते आणि दुकानात कुणी काही गळ्यात मारू शकत नाही.

मुळात कार्ड हवं आहे का?

"मशीन स्लो झालंय" या तक्रारीमागे निरनिराळी दुखणी असतात. सुरू व्हायलाच पाच मिनिटं लागत असतील तर दोष जुन्या हार्डडिस्कचा. तिथं साधी साटा एसएसडी बसवली तरी फरक लगेच जाणवतो. ब्राउझरमध्ये दहा टॅब उघडले की सगळं गोठत असेल तर रॅम कमी पडते आहे. टॅली, एक्सेल, पेजमेकर, कोरलड्रॉ, श्री-लिपी यांवर ज्याचा धंदा चालतो त्या डीटीपी सेंटरला ग्राफिक्स कार्डातून जवळजवळ काही मिळत नाही. त्यांनी तो पैसा एसएसडीत आणि चांगल्या मॉनिटरमध्ये घालावा. कार्डाचा खरा उपयोग गेमिंगला, ब्लेंडरसारख्या थ्रीडी कामाला, दाविंची रिझॉल्व्हसारख्या एडिटिंगला आणि घरच्या मशीनवर एआयची मॉडेल चालवून पाहणाऱ्यांना.

शंका असेल तर विंडोजचा टास्क मॅनेजर उघडा आणि परफॉर्मन्सच्या पानावर नजर ठेवून नेहमीचा गेम खेळा. जीपीयूचा आकडा सतत ९५ टक्क्यांच्या वर असेल तर कार्ड कमी पडतं आहे, बदलून फायदा होईल. तो ५०-६०वरच घुटमळत असेल आणि तरीही चित्र अडखळत असेल, तर अडचण बहुधा प्रोसेसरची किंवा रॅमची. इथं एक गफलत होते. सीपीयूचा एकूण आकडा ५० टक्के दिसला की लोक म्हणतात, प्रोसेसर तर निवांत आहे. पण गेमचं काम बऱ्याचदा एक-दोन कोअरवरच पडतं. चारांपैकी दोन कोअर पूर्ण दमलेले असले तरी एकूण आकडा निम्माच दिसतो. पक्की परीक्षा हवी असेल तर गेममधलं रेझोल्यूशन एकदम खाली आणा. फ्रेम वाढले तर कार्ड अपुरं आहे. तेवढेच राहिले तर प्रोसेसर अडवतो आहे, आणि मग कितीही महागडं कार्ड घातलं तरी तिथं काही हलणार नाही.

एक धोक्याची सूचना इथंच देतो. "स्वस्तात ४ जीबीचं ग्राफिक्स कार्ड" म्हणून जीटी ७१० आणि जीटी ७३० ही कार्डं अजूनही विकली जातात. ती घेऊ नका. यातली बरीचशी केपलर या जुन्या पिढीच्या चिपवर चालतात आणि त्या पिढीचे नवे गेम-ड्रायव्हर एनव्हिडियानं २०२१मध्येच थांबवले. खोक्यावरच्या जीबीच्या आकड्याला भुलण्यात तर काहीच अर्थ नाही, कारण मेमरी किती आहे यापेक्षा ती किती वेगानं चालते हे जास्त महत्त्वाचं. जीटी १०३० हेच नाव घेऊन दोन कार्डं बाजारात आली. जीडीडीआर५ मेमरीच्या कार्डाचा मेमरीवेग सेकंदाला ४८ जीबी, तर डीडीआर४ मेमरीच्या कार्डाचा १७ जीबीसुद्धा नाही. नाव एक, मेमरीही दोन्हींना २ जीबीच, आणि गेममध्ये दोघांत मोठी तफावत.

सगळं अडतं ते एसएमपीएसपाशी

कॅबिनेटचा बाजूचा पत्रा काढा आणि एसएमपीएसवरचा स्टिकर वाचा. ठळक अक्षरांत ४५० किंवा ५०० वॅट असं काहीतरी असेल. त्याकडे तूर्त लक्ष देऊ नका. त्याखाली बारीक अक्षरांत एक तक्ता असतो. त्यात +१२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते पाहा आणि १२नं गुणा. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड हे दोन्ही मोठे खाणारे याच १२ व्होल्टवर असतात. लोकल कॅबिनेटबरोबर फुकटात आलेल्या "४५० वॅट"च्या एसएमपीएसवर कधी १६ अँपिअर लिहिलेलं आढळतं. म्हणजे कामाचे वॅट १९२. उरलेले वॅट ३.३ आणि ५ व्होल्टच्या रकान्यांत दाखवून बेरीज फुगवलेली असते, आणि आजच्या मशीनला त्यांची फारशी गरजच नसते. तक्त्यात १२ व्होल्टचे दोन रकाने असतील तर दोन्ही आकडे सरळ मिळवू नका. खाली दोहोंचा मिळून कमाल आकडा दिलेला असतो, तो खरा.

आता गरज किती ते काढू. चौथ्या पिढीच्या आय५ प्रोसेसरचं रेटिंग ८४ वॅट. त्यात एएमडीचं आरएक्स ६६०० घातलं तर त्याचे १३२. मदरबोर्ड, रॅम, डिस्क, पंखे मिळून ५० धरा. बेरीज २७०च्या आसपास जाते. ग्राफिक्स कार्ड मधूनच क्षणभर याहून बरंच जास्त खेचतं, शिवाय एसएमपीएस सतत काठोकाठ चालवणंही बरं नाही. म्हणून या मशीनला नामांकित कंपनीचा, ८० प्लस ब्राँझ दर्जाचा ४५० ते ५५० वॅटचा एसएमपीएस पुरतो. ७५० वॅटचा घ्या असं सांगणारा दुकानदार लबाड असेलच असं नाही, पण तुमचे पैसे त्याच्या खिशातले नाहीत एवढं ध्यानात ठेवा.

दुसरी गोष्ट कनेक्टरची. कार्डाला पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमधून ७५ वॅटपर्यंत वीज मिळू शकते. त्याहून जास्त लागली तर वेगळी केबल हवी. ६ पिनांच्या कनेक्टरमधून आणखी ७५, ८ पिनांच्या कनेक्टरमधून १५० वॅट. जुन्या एसएमपीएसला हे कनेक्टर नसतील तर मोलेक्स किंवा साटाच्या केबलवरून ६-८ पिन करून देणारा शंभर रुपयांचा जोड कुणीतरी हातात ठेवतो. तो घेऊ नका. साटाचा कनेक्टर डिस्कपुरत्या विजेसाठी बनवलेला असतो. त्यातून कार्डाची वीज ओढली की तो तापतो, वितळतो, आणि क्वचित पेटतोही. एसएमपीएसला पीसीआयचा कनेक्टर नसणं हीच त्याच्या कुवतीची कबुली समजा आणि एसएमपीएस बदला, नाहीतर बाहेरून वीज न लागणारं कार्ड शोधा. एसएमपीएस सात-आठ वर्षांचा असेल तर आकडे जुळत असले तरी माझा सल्ला बदलण्याचाच आहे. त्यातले कपॅसिटर उन्हाळ्यागणिक म्हातारे होतात, आणि तो मरताना कधी मदरबोर्डालाही बरोबर नेतो. जुन्या मशीनमध्ये टाकलेल्या पैशांपैकी सर्वांत सार्थकी लागणारा पैसा एसएमपीएसचा. पुढचं मशीन घ्याल तेव्हाही तो कामी येतो.

भारनियमनाच्या गावात यूपीएसचाही हिशेब करा. घरोघरी असतो तो ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटचा. मॉनिटर त्याच्यावरच असतो. गेम चालू असताना वीज गेली तर जुनी बॅटरी हा भार पेलत नाही आणि मशीन धाडकन बंद पडतं. खेळताना यूपीएस केकाटायला लागला की लगेच सेव्ह करून बाहेर पडायचं, एवढी शिस्त घरच्या खेळाडूला लावा.

ऑफिसमधून निघालेली मशीन

मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दिल्लीचं नेहरू प्लेस आणि ऑनलाइन बाजारात कंपन्यांनी मोडीत काढलेले डेल, एचपी, लेनोव्होचे डेस्कटॉप मुबलक मिळतात. मजबूत असतात, स्वस्त असतात, आणि अभ्यासाला म्हणून घेतलेल्या अशाच मशीनला वर्षभरानं कार्ड बसवायची टूम निघते. यांचं दुखणं वेगळं आहे. यातल्या पुष्कळ मशीनमध्ये मदरबोर्डाला नेहमीची २४ पिनांची जोडणी नसते, कंपनीची स्वतःची असते. एसएमपीएसचा आकारही वेगळा, त्यामुळे बाजारातला साधा एसएमपीएस बसत नाही. आहे तो अडीचशे-तीनशे वॅटच्या घरातला, आणि बहुधा पीसीआयच्या कनेक्टरशिवाय.

उभं, पूर्ण उंचीचं टॉवर असेल तर ७५ वॅटच्या आतलं कार्ड घेऊन निभावतं. आडवं, पातळ मॉडेल असेल तर कार्डही 'लो प्रोफाइल', म्हणजे निम्म्या उंचीचं लागतं, आणि त्याची छोटी पट्टी खोक्यात आहे ना हे घेतानाच पाहावं लागतं. काही पातळ मशीनच्या माहितीपुस्तिकेत स्लॉटची वीजमर्यादा ७५ वॅटपेक्षाही कमी दिलेली असते. मॉडेल क्रमांक टाकून कंपनीच्या संकेतस्थळावरून ती पुस्तिका उतरवून घ्या आणि तेवढं एक पान वाचा. मोठं कार्ड बसवायचंच असेल तर जोडवायरी, खास एसएमपीएस, कापलेले पत्रे असे उद्योग करणारे हौशी लोक आहेत. पण एवढ्या खटाटोपात आणि खर्चात जुना मदरबोर्ड-प्रोसेसर साध्या कॅबिनेटसह मिळून जातो.

जागा आणि मॉनिटर

कॅबिनेटच्या मागच्या पट्टीपासून पुढे हार्डडिस्कच्या खणापर्यंतचं अंतर मोजा. पुढचा पंखा आत बसवलेला असेल तर त्याची जाडी वजा करा. दोन पंख्यांची कार्डं साधारण २० ते २५ सेंटिमीटर लांब असतात, तीन पंख्यांची ३०च्या आसपास किंवा त्याहून मोठी. विजेची केबल कार्डाच्या वरच्या कडेला लागते, तिला वळायला बाजूच्या पत्र्यापर्यंत तीन-चार सेंटिमीटर हवेत. स्लॉटच्या खालची एक पट्टी रिकामी पाहिजे, कारण बहुतेक कार्डं दोन पट्ट्यांची जागा खातात. मदरबोर्डावरचे साटाचे कनेक्टर कार्डाखाली दबत नाहीत ना हेही आत्ताच पाहा, नाहीतर कार्ड बसतं आणि डिस्क निघते.

मॉनिटर जुना असेल तर त्याला निळं, १५ पिनांचं व्हीजीएच असण्याची दाट शक्यता. आजच्या कार्डांना व्हीजीए नसतं. इथं लोक डीव्हीआय-टू-व्हीजीएचा साधा जोड आणतात आणि पडदा काळाच राहतो. एनव्हिडियाच्या १० मालिकेपासून पुढे कार्डावरच्या डीव्हीआयमधून फक्त डिजिटल सिग्नल येतो, आणि साधा जोड त्याचा ॲनालॉग करू शकत नाही. एचडीएमआय-टू-व्हीजीए असा चिप असलेला कन्व्हर्टर घ्या, तो चालतो. अर्थात चांगलं कार्ड घेऊन ते १३६६ बाय ७६८च्या मॉनिटरला लावणं म्हणजे निम्मे पैसे पाण्यात. तिथं आधी मॉनिटर बदललेला बरा.

मदरबोर्ड : स्लॉट बसतो, पण चालतो किती?

पीसीआय एक्सप्रेसची एक गोष्ट फार चांगली आहे. नवं कार्ड जुन्या स्लॉटमध्ये आणि जुनं कार्ड नव्या स्लॉटमध्ये चालतं, फक्त दोघांपैकी जो मंद त्याच्या वेगानं. दुसऱ्या पिढीच्या कोअर प्रोसेसरबरोबर (२०११) पीसीआय २.० येतं, तिसऱ्या पिढीच्या आय५-आय७पासून ३.०. वेग दर पिढीला साधारण दुप्पट होतो. ३.०च्या पूर्ण १६ लेनच्या, म्हणजे माहिती जाण्याच्या १६ वाटांच्या, स्लॉटमधून सेकंदाला १६ जीबीच्या जवळपास माहिती जाते, आणि मध्यम कार्डाला तेवढी भरपूर होते.

पण स्वस्त कार्डं बनवताना कंपन्या लेन कापतात. कार्डाचा कनेक्टर दिसायला १६ लेनचा, आत जोडलेल्या आठ किंवा चारच. सर्वांत वाईट उदाहरण एएमडीच्या आरएक्स ६५०० एक्सटीचं. जानेवारी २०२२मध्ये आलेल्या या कार्डाला चारच लेन आहेत. पीसीआय ४.०च्या नव्या बोर्डावर ते बरं चालतं. ३.०च्या जुन्या बोर्डावर मात्र त्याची ४ जीबी मेमरी भरली की चार लेनच्या चिंचोळ्या वाटेनं सारखी ने-आण करावी लागते आणि फ्रेम कोसळतात. म्हणजे ज्या जुन्या मशीनवाल्यांना हे स्वस्त कार्ड घ्यावंसं वाटतं, नेमकं त्यांच्याकडेच ते सर्वांत वाईट चालतं. यूट्यूबवरच्या चाचण्या नव्या बोर्डावर केलेल्या असतात, त्यात हे दिसत नाही. आठ लेनच्या कार्डांना ३.०वर थोडाच फटका बसतो, तो सोसण्यासारखा आहे. रायझन २२००जी किंवा ३२००जी वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की त्या प्रोसेसरमधूनच कार्डाला आठ लेन मिळतात, मदरबोर्ड कोणताही असो.

२०१२च्या आधीच्या काही बोर्डांवर जुनं बायॉस असतं आणि नवं कार्ड लावल्यावर मशीन नुसतं बीप देऊन थांबतं. मदरबोर्डाच्या कंपनीनं बायॉसचं नवं अपडेट दिलं असेल तर कार्ड आणण्याआधी टाकून घ्या. मात्र ते चालू असताना वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो, तेव्हा बॅटरी शाबूत असलेल्या यूपीएसवरच करा. बिटलॉकर चालू असेल तर आधी तो थांबवून ठेवा, नाहीतर विंडोज रिकव्हरी की मागत बसेल.

इंटेलची आर्क कार्डं घेणाऱ्यांना याहून मोठी अट आहे. त्यांना रिसायझेबल बार नावाची सोय लागते. ती नसेल तर वेग बराच पडतो. इंटेलची शिफारसच दहाव्या पिढीचे कोअर किंवा रायझन ३००० आणि त्यापुढच्या प्रोसेसरसाठी आहे. डिसेंबर २०२४मध्ये आलेलं आर्क बी५८० हे १२ जीबीचं कार्ड किमतीच्या मानानं उत्तम आहे. पण जुन्या, कमी ताकदीच्या प्रोसेसरबरोबर ते नव्या प्रोसेसरच्या तुलनेत बरंच मागे पडतं हे बाजारात आल्यावर लवकरच उघड झालं. जुन्या मशीनसाठी मी ते सुचवणार नाही.

प्रोसेसरचं वय आणि विंडोजचा प्रश्न

दुसऱ्या-तिसऱ्या पिढीच्या मशीनमध्ये नवं कार्ड घालू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्या प्रोसेसरमध्ये एव्हीएक्स२ हा आज्ञासंच नाही. तो चौथ्या पिढीपासून, म्हणजे २०१३पासून आला, आणि काही नवे गेम तो नसेल तर सुरूच होत नाहीत. अशा मशीनला जुन्या बाजारातलं जीटीएक्स १०५० टीआयसारखं कार्ड घालून जुने गेम आनंदानं खेळावेत. चौथी ते सातवी पिढी हा मधला पट्टा. चार कोअरच्या आय५ला आरएक्स ६६००च्या पुढचं कार्ड वाया जातं. आठव्या पिढीपासून आय५ला सहा कोअर मिळाले. तिथून पुढच्या आणि रायझन ३६०० वगैरे मशीनमध्ये चांगलं कार्ड घातलं तर अजून तीन-चार वर्षं सहज निघतात.

विंडोज १०चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि इंटेलच्या सातव्या पिढीचे जवळजवळ सगळे प्रोसेसर विंडोज ११च्या अधिकृत यादीत नाहीत. तेव्हा अशा मशीनमध्ये पैसा घालताना पुढच्या मशीनमध्ये उचलून नेता येईल असंच कार्ड घ्या. याच कारणासाठी मी आठ जीबीपेक्षा कमी मेमरीचं नवं कार्ड सुचवत नाही. अपवाद एकच, बाहेरून वीज न लागणाऱ्या कार्डांचा.

आणि रॅमची एकच कांडी असेल तर तितकीच दुसरी घालून ड्युअल चॅनल करा. कार्डाइतका नाही, पण गेम अधूनमधून अडखळण्यावर त्याचा चांगला परिणाम होतो.

मग घ्यायचं कोणतं?

एसएमपीएस बदलता येत नसेल तर एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०५०, पण ६ जीबीवालं. फेब्रुवारी २०२४मध्ये आलेलं हे कार्ड ७० वॅट खातं आणि बहुतेक मॉडेलना वेगळी केबल लागत नाही. याच नावाचं ८ जीबीचं जुनं कार्ड १३० वॅटचं आणि जास्त वेगवान आहे, त्याला केबल लागते. दुकानात "३०५० द्या" एवढंच म्हणू नका. त्याच वर्गात जीटीएक्स १६५० जुन्या बाजारात मिळतं, मात्र त्याच्या काही मॉडेलना ६ पिनांची केबल हवी असते. अगदी पातळ मशीनसाठी ५३ वॅटचं आरएक्स ६४०० आहे. पण त्यालाही चारच लेन, आणि व्हिडिओ रेकॉर्ड करताना लागणारा एन्कोडर त्यात नाही. यूट्यूब चॅनल चालवणाऱ्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये.

एसएमपीएस चांगला असेल तर आरएक्स ६६०० किंवा आरटीएक्स ४०६०. दोन्ही आठ जीबीची, आठ लेनची. पहिलं स्वस्त, दुसरं ११५ वॅटमध्येच जास्त काम करणारं. नुसत्या गेमिंगसाठी पहिलं पुरे. ब्लेंडर, एडिटिंग, एआय असं काही करायचं असेल तर एनव्हिडियाचंच घ्या, कारण त्या सॉफ्टवेअरांची सोय आजही एनव्हिडियाच्या क्युडा या व्यवस्थेभोवतीच झालेली आहे. एआयसाठी मेमरी जास्त लागते. तिथं २०२१चं १२ जीबीचं आरटीएक्स ३०६० अजूनही कामाचं आहे, पण ते १७० वॅटचं आहे हे धरून एसएमपीएस पाहा.

जुन्या बाजारात एनव्हिडियाच्या १० मालिकेची कार्डं ढिगानं दिसतात. त्यांचे गेम-ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५नंतर थांबले, सुरक्षेची अपडेट ऑक्टोबर २०२८पर्यंत मिळतील. आज चालणारा गेम उद्याही चालेल, मात्र नव्या गेमसाठी सुधारणा मिळणार नाहीत. तेवढी किंमत पाडून मागा.

सेकंडहँड घेताना

१५ सप्टेंबर २०२२ला इथेरियम या आभासी चलनानं आपली पद्धत बदलली आणि ग्राफिक्स कार्डांवरचं त्याचं मायनिंग एका दिवसात संपलं. ती कार्डं नंतर जगभरच्या जुन्या बाजारात आली. मायनिंगचं कार्ड म्हणजे मेलेलं कार्ड असं नाही. चिप बहुधा शाबूत असते, झिजतात ते पंखे आणि थर्मल पॅड. मला त्यापेक्षा भीती वाटते ती भट्टीत तापवून तात्पुरत्या जिवंत केलेल्या कार्डांची. ती दुकानात चालतात आणि महिन्याभरात मान टाकतात.

म्हणून कार्ड चालू मशीनमध्ये लावून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका. पेनड्राइव्हवर जीपीयू-झेड आणि फरमार्क ही फुकटातली सॉफ्टवेअर घेऊन जा. जीपीयू-झेडमध्ये चिपचं नाव, मेमरी आणि लेन दिसतात. बायॉस बदलून जीटीएक्स १०५० टीआयचं सोंग घेतलेली कितीतरी जुनी कार्डं त्यात 'फेक' असा शिक्का घेऊन उघडी पडतात. आरएक्स ५८०च्या नावापुढे २०४८एसपी असं असेल तर ते ५८० नव्हे. खऱ्या ५८०मध्ये २३०४ शेडर असतात. मग दहा-पंधरा मिनिटं फरमार्क चालवा. पडद्यावर रंगीत ठिपके किंवा रेघा आल्या, तापमान ८५च्या पुढे सरकत राहिलं किंवा पंखा खरखरला, तर आभार मानून निघा. कोकणातून, समुद्राकाठच्या गावातून आलेल्या कार्डाचे संपर्क आणि स्क्रू गंजलेत का तेही पाहा.

बसवताना

काम अवघड नाही, पण घाई नको. मशीन बंद करा, एसएमपीएसचं मागचं बटण बंद करा, वायर काढा आणि पुढचं पॉवर बटण दाबून उरलेली वीज जाऊ द्या. कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवा. जुनं कार्ड असेल तर स्क्रू काढून स्लॉटच्या टोकाची कळ दाबूनच ओढा. तशीच ओढाताण केली तर स्लॉट तुटतो. स्लॉटमधली धूळ ब्रशनं किंवा ब्लोअरनं काढा. कार्डाचे सोनेरी संपर्क खोडरबरनं घासायची आपल्याकडे जुनी सवय आहे, पण आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेलं कापड जास्त चांगलं. नवं कार्ड कडांना धरून सरळ दाबा, कळ 'टक्' वाजेपर्यंत, आणि मग स्क्रू लावा.

केबल लावताना एक भयंकर घोटाळा होऊ शकतो. प्रोसेसरची ८ पिनांची केबल आणि कार्डाची ८ पिनांची केबल दिसायला सारख्या असतात, पण त्यांची वीज उलटसुलट असते. प्रोसेसरची ४+४ अशी दुभंगते, कार्डाची ६+२ अशी. सहज बसत नसेल तर जोर करू नका. सुटी होणारी केबल असेल तर तुमच्या एसएमपीएसबरोबर आलेलीच वापरा, दुसऱ्या कंपनीची कधीही नाही. मॉनिटरची केबल कार्डालाच लावा, मदरबोर्डाला नव्हे. हे सांगायला हास्यास्पद वाटतं, पण नवं कार्ड बसवून महिनोन्महिने प्रोसेसरच्या ग्राफिक्सवर खेळणारे लोक आहेत.

कार्डाची कंपनी बदलली असेल तर डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर हे सॉफ्टवेअर सेफ मोडमध्ये चालवून जुना ड्रायव्हर मुळापासून काढा आणि मग नवा टाका. पहिल्या दिवशी तासभर गेम चालवून तापमान पाहा. साधारण ६५ ते ८० अंश ठीक. ही मोजणी जानेवारीत केली असेल तर विदर्भातल्या वाचकांनी मे महिन्यात पुन्हा करावी. खोलीचं तापमान दहा-पंधरा अंशांनी चढलं की कार्डही तेवढंच चढतं. कॅबिनेटला मागे हवा बाहेर फेकणारा एक पंखा नसेल तर लावून घ्या, आणि कॅबिनेट टेबलाच्या बंद कप्प्यात कोंडू नका.

जुनं कार्ड लगेच विकू नका. नवं वॉरंटीत पाठवायची वेळ आली तर मशीन त्याच्यावर चालेल. नावात एफ असलेल्या इंटेलच्या प्रोसेसरांना स्वतःचं ग्राफिक्स नसतंच, त्यांना तर जुन्या कार्डावाचून गत्यंतर नाही. नव्या कार्डाचं खोकं जपून ठेवा आणि सीरियल क्रमांक लिहिलेलं जीएसटीचं बिल मागून घ्या. वॉरंटी बहुतेक कंपन्यांची तीन वर्षांची असते आणि थर्मल कागदावरची छपाई त्याआधीच उडून जाते, म्हणून बिलाचा फोटो त्याच दिवशी काढून ठेवा.